चार पिना आणि एक अंगठा

डोणगावच्या बाजारात शाकिरभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं एके काळी टीव्ही यायचे, मग मोबाईल आले, आता विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर येतात. पंचवीस वर्षं मी त्या दुकानात बसून चकाट्या पिटल्या. तारा जोडायला कथलाचा बारीक डाग देताना शाकिरभाई श्वास रोखायचे, तेव्हा माझाही आपोआप रोखला जायचा. तो स्थिर हात पाहणं हे माझं सुख होतं. ते गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन वर्षांपासून तो हात थरथरतो. स्टार्टरमधल्या बंद पडलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डच्या आत प्रोग्राम कुठं अडकलाय हे लॅपटॉपवर पाहायचं, तर सुईसारख्या चार पिना बारीक ठिपक्यांवर टेकवून धराव्या लागतात. जेटॅग म्हणतात त्याला. पिना हलल्या की पुन्हा पहिल्यापासून. त्या आता त्यांची बायको, बानोभाभी धरतात. पण गिऱ्हाईक आलं की शाकिरभाई त्यांना आत पाठवायचे. माणूस गुणी, पण ताठा भारी.

गेल्या महिन्यात माझाच स्टार्टर बंद पडला. वीज आली की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम उठतो आणि तो मोठ्याला उठवतो. इथं तोच उठत नव्हता. गंमत अशी, की पिना धरल्या की बोर्ड सुरळीत चालायचा, काढल्या की ठप्प. शाकिरभाईंनी प्रोग्राम तीनदा नव्यानं भरला. चौथ्या दिवशी चष्मा काढून ठेवला.

“हातासंगं दिमाग बी गेला माहा. हे नाही जमलं तर दुकान बंद करतो आता.”

“एका बोर्डापायी? काऊन पण?” मी चिडलोच.

“मले आता समजतच नाही, भाऊ, कुठं अडकते ते.”

भाभी अजून पिना धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अजी, पडद्याकडं पाहा जरा.” पिना तशाच धरून त्यांनी फक्त बोर्डवर टेकलेला अंगठा उचलला. बोर्ड थांबला. अंगठा पुन्हा एका चकचकीत डबीवर टेकवला, नव्यानं वीज दिली, बोर्ड चालू.

बोर्डला ताल देणारा क्रिस्टल असतो त्या डबीत. त्याचा एक पाय डागातून सुटला होता. बूटलोडर त्या तालाची वाट पाहत बसला होता, आणि भाभींच्या अंगठ्यानं तो पाय दाबला जात होता.

“कधीपासून समजलं तुले?”

“परवापासून.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

शाकिरभाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न भाभींच्या हातात दिलं. सुटलेला पाय भाभींनीच जोडला.

तेवढ्यात जानेफळचा एक शेतकरी बंद स्टार्टर घेऊन आला. भाभी सवयीनं आत निघाल्या. “थांब,” म्हणून शाकिरभाई उठले आणि आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

“हिच्यापाशी द्या,” ते त्या शेतकऱ्याला म्हणाले. “मिस्त्री हीच हाय. मी निसता पडद्यावरचं वाचून सांगतो.”

भाभी खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या. त्या खुर्चीत शाकिरभाईंशिवाय दुसरं कुणी मी कधी पाहिलं नव्हतं.