कुंदीले कोणी उचलायचं नाही

“पोलिओ आहे,” वाशीमच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. “तापात उजव्या पायाची ताकद गेली. तो पहिल्यासारखा होणार नाही.” माही पोर कुंदी तवा माह्या कडेवरून शेजारच्या बाईच्या गळ्यातली पोत ओढून राह्यली होती. आंधी गाव गेलं, आता पोरीचा पाय!

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचं गाव धरणात गेलं. रिसोडच्या रस्त्यावर, माळावरच्या कॅम्पात, पत्र्याच्या खोल्यांत आमी धरणग्रस्त राहत होतो. माणसं वेगवेगळ्या गावची, उठता-बसता भांडणारी. पण कुंदीसाठी सारी एक झाली. पोर कोणाच्या ना कोणाच्या कडेवरच. मले बरं वाटे, खोटं कायले बोलू?

पुढच्या खेपेले डॉक्टर भडकलेच. “सतत कडेवर घेऊन गुडघा आखडवलात! हिला फिजिओथेरपी हवी, म्हणजे पायाचा व्यायाम. मग कॅलिपर, लोखंडी पट्ट्यांचा आधार. चालू द्या, पडू द्या.”

कॅम्पात येऊन मी सांगितलं, आजपासून कुंदीले कोणी उचलायचं नाही. शेजारची जनामावशी म्हणे, “काळीज हाये का दगड तुयं?” तिच्याशी मी कडाकडा भांडली. दुसऱ्या दिवशी तिच्याच जावयानं दोन लांब बांबू आडवे बांधून दिले. त्याले धरून कुंदी रोज चाले. पडली की सारे तोंड फिरवत. जनामावशी तर पदरात तोंड खुपसून रडे.

तुमच्या घरी असं लेकरू असन तर व्यायाम चुकवू नका. चालणं हळूहळू येते. त्याच्याहून कठीण गोष्ट वेगळीच हाये.

कॅलिपर लागल्यावर कुंदी कुबडी घेऊन टाकीवर पाण्याले जाऊ लागली. सारे तिले पुढं सोडत. बिचारी लंगडी, म्हणत. पोरीलेही सवय लागली. एक दिवस ती सरळ नळाशी घुसली, तशी जनामावशी कडाडली, “ए कुंदे! मांगं हो, नंबर लाव! आमी काय शोभेले उभ्या हावो?”

कुंदीनं तोंड वाकडं केलं अन् बडबडत शेवटी जाऊन उभी राह्यली, बाकीच्या पोरींत.

मी भर रांगेत जनामावशीच्या पाया पडली. ती घाबरली. “अवं, काय झालं तुले?”

काय सांगू तिले? माह्या पोरीवर तवा पहिल्यांदा कोणी बरोबरीनं रागावलं होतं.