टेलपर्यंत पाणी

सासऱ्यांच्या हातातली चावी काढून घेतली ती नवऱ्याने. पण तेव्हा मी गप्प बसले, म्हणजे त्यात मीही आलेच.

झालं असं, की बाबा पुण्याहून जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात फिरायला म्हणून गेले ते दोन तास परतलेच नाहीत. शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना ते मागच्या गल्लीत दिसले. आमच्यासारख्याच एका पिवळ्या बिल्डिंगच्या दाराला आमची चावी लावत उभे होते. नवरा घाबरला. "चावी हरवली तर इथे सगळ्या बिल्डिंगची कुलपं बदलावी लागतात, बाबा," असं सांगून त्याने ती मागून घेतली. खरी भीती वेगळीच होती. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हे साधं चुकणं होतं, की डोकं दगा द्यायला लागलं होतं? आम्ही दोघं स्वयंपाकघराचं दार लावून यावर बोलायचो आणि बाबा आत आले की हवामानावर यायचो.

त्या दिवसापासून सोबत कुणी असेल तरच बाबा बाहेर पडत. एरवी खिडकीत बसून राहत. मला ते बघवत नसे. मग माझी चिडचिड व्हायची आणि ती निघायची मुलीवर.

ऑक्टोबरात शाळेला हेर्ब्स्टफेरियन, म्हणजे शरदातली सुट्टी, लागली तेव्हा मी आठ वर्षांच्या मुलीला आणि बाबांना घेऊन स्पेनमधल्या एल्चेला गेले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. एल्चे निवडलं ते बाबांसाठीच. ते आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आणि एल्चेला शेकडो वर्षांपूर्वी अरबांनी पाट काढून वाढवलेलं खजुरांचं बन आहे. अजूनही ते पाटाच्या पाण्यावरच भिजतं. "बाबांचा हात सोडू नकोस," नवरा विमानतळावर तीनदा म्हणाला. जणू मी आठ वर्षांच्या दोन मुली घेऊन निघाले होते.

बन शहराच्या मधोमध आहे. बुटक्या भिंतींच्या आत खजुरांच्या सरळ रांगा, मध्येमध्ये डाळिंबं. आमचं नशीब असं, की त्या सकाळी पाण्याची पाळी चालू होती. एका माणसाने पाटावरचं लोखंडी दार वर ओढलं आणि पाणी सुकी पानं ढकलत पुढे निघालं. बाबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, बोट बुडवून जिभेला लावलं.

"मचूळ आहे," ते म्हणाले. "यावर आपला ऊस दोन पाळ्यांत बसला असता. खजूर म्हणून निभावतंय."

कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काहीतरी सांगितलं होतं.

तेवढ्यात मुलीला टॉयलेटला जायचं होतं. मी बाबांना पाटाच्या त्या दाराजवळच्या बाकावर बसवलं. "इथेच बसा हं, हलू नका," असं बजावलं आणि गेले. रांग होती. पंधरा मिनिटांनी आलो तर बाक रिकामा.

"वो इस्ट आजोबा?" मुलीने विचारलं. आजोबा कुठेत, हे मलाही कळायला हवं होतं. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. कुठे विसरतील म्हणून मीच काढून घेतला होता. शहाणपणा सगळा माझाच. दार उघडणाऱ्या माणसाला हातवारे करून विचारलं, त्याने खांदे उडवले. बाहेरच्या फाटकापर्यंत धावत गेले, परत आले. चार पिवळ्या बिल्डिंगांत चुकणारा माणूस, आणि इथे जिकडे बघावं तिकडे एकसारखी झाडं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला फोन लावायला घेतला आणि थांबले. काय सांगणार होते?

तेव्हा आठवलं. बाबा चहा पिताना नेहमी सांगायचे, नवे साहेब येतात, कालव्याच्या मुखाशी फोटो काढतात नि निघून जातात. "मी आधी टेल गाठायचो." कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या शेवटच्या टोकाला त्यांच्या खात्यात टेल म्हणतात. "शेवटच्या माणसाला पाणी मिळालं, की वरचं सगळं ठीकच असतं." डिशवॉशर रिकामा करता करता मी हे शंभरदा अर्धवट ऐकलं होतं.

मुलीचा हात धरला आणि पाणी जाईल तिकडे निघाले. पाट दोनदा वळला, एका भिंतीखालून गेला. भिंतीपलीकडे, अगदी शेवटच्या खजुराच्या बुंध्याशी बाबा बसले होते. नजर घड्याळावर.

"आलीस? बघ, आत्ता पोचलं," ते म्हणाले.

"अहो बाबा, हलू नका म्हणाले होते ना मी!"

"हो. पण पाणी हललं ना."

मी रागावले, ओरडले आणि मुलीसमोरच रडले. मुलगी तर आजोबांच्या गळ्यातच पडली. मी शांत झाल्यावर बाबा म्हणाले, "परत मी नेतो. वाटेत पाटाला बारा दारं आहेत. सातव्याची फळी मोडलीय."

मी मुद्दाम मागे राहिले आणि मनात मोजत गेले. वळणावर क्षणभरही ते थबकले नाहीत. सातव्या दाराची फळी मोडलेली होती. बारावं दार आमच्या बाकाशी आलं. माझा जीव भांड्यात पडला. एवढं हलकं मला महिनाभरात वाटलं नव्हतं.

बाबा बाकावर बसले. "त्या दिवशी मी नंबरच बघितला नाही. सारख्या बिल्डिंगा, चुकलो," ते म्हणाले. मग पुढे, "तुम्ही दार लावून बोलता ते ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत माझे. मीही घाबरलो होतो, बाळ. म्हणून तर दारं मोजत गेलो. म्हटलं, बघू तरी, जमतंय का अजून."

मी पर्समधून त्यांचा फोन काढून दिला. मग माझ्या जुडग्यातली घराची चावी सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "आणि हरवली तर? सगळ्या बिल्डिंगची कुलपं..."

"बदलू," मी म्हटलं.