पाच डोंगर ठरवले, तिसऱ्यावर थांबलो

इथे अमेरिकेत आमच्या बेलव्ह्यूच्या शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत घरी राहायचं नाही, एवढं मी डिसेंबरमध्येच ठरवलं होतं. कुठे जायचं ते नंतर ठरलं.

माझा नवरा अमोल हार्ट अटॅकने गेला. मार्चच्या एक तारखेला वर्ष होणार होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घरातली सगळी कपाटं मी चारदा लावली आहेत.

अमोल मूळचा नागपूरचा, पण पस्तिशीत स्की करायला शिकला आणि मग मुलांना त्यानेच शिकवलं. दर शनिवारी तिघं पासवर जायचे. पास म्हणजे आमच्यापासून पाऊण तासावरचा घाट. मी स्की करत नाही. मी डबा द्यायचे: पोळीचे रोल, आत बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी. संध्याकाळी रिकामी फॉइल परत यायची.

अमोल गेल्यावर निहारने, म्हणजे माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने, स्कीला हात लावला नाही. हा अख्खा हिवाळा तो शनिवारी झोपून राहिला. अकरा वर्षांची रेवा मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर जायची. मला वाटलं, त्याला पास नको असेल, दुसरा डोंगर चालेल. एक नाही आवडला तर पुढचा. म्हणून सीमेपलीकडे, कॅनडात, नऊ दिवसांत पाच रिसॉर्ट ठरवले: कॅमलूप्स, रेव्हलस्टोक, व्हर्नन, कलोना आणि पेंटिक्टन या पाच गावांजवळचे.

"मी येईन," निहार म्हणाला. "पण स्की नाही करणार. आधीच सांगतो."

"बरं," मी म्हटलं, आणि त्याचे स्कीचे बूट डिकीत टाकले.

ओळखीच्या एका काकूंनी विचारलं, "अगं, वर्षाच्या आत चाललीस?"

"मुलांची सुट्टी आहे, काकू. एक तारखेच्या आधी परत येतो."

तारीख मी नीट बघितली होती, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. गर्दी टाळायची असेल तर सुमासच्या नाक्यावरून सीमा ओलांडा. ब्रिटिश कोलंबियाच्या घाटरस्त्यांवर हिवाळ्यात बर्फाचे टायर सक्तीचे आहेत. आपले नेहमीचे टायर चालतील असं गृहीत धरू नका, कडेला खूण बघून घ्या. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मुलं आई-वडिलांपैकी एकाबरोबरच असतील तर नाक्यावर दुसऱ्याच्या संमतीचं पत्र मागू शकतात.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघून विचारलं, "मुलांचे वडील?"

मी उत्तर जुळवत होते. मागून रेवा म्हणाली, "डॅड डाइड."

अधिकारी "सॉरी" म्हणाला आणि मग कागद मागितला. तो त्याचं काम करत होता. मृत्यूचा दाखला फोल्डरमध्ये होता, हॉटेलच्या बुकिंगच्या मागे. त्याने वाचला, परत दिला आणि वर बर्फ छान पडलाय असं सांगितलं. कुणावर ही वेळ असेल तर दाखला हाताशी ठेवा. शोधाशोध करावी लागू नये.

होप गावानंतर मोठा घाट लागतो. पेट्रोल तिथेच भरा. रस्त्यांवरचे कॅमेरे ऑनलाइन दिसतात. मी दर थांब्यावर बघत होते, इतके की निहारने फोन काढून घेतला. "मी बघतो. तू रोड बघ." दुपारी अडीचला कॅमलूप्सला पोचलो.

रविवारी पहिला डोंगर. ऊन होतं, झाडं पांढरी होती. रेवाला ग्रुप लेसनला सोडलं. सुट्टीत लेसनच्या जागा भरतात, आधी बुक करा. डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टची तिकिटंही आधी घेतलेली बरी. निहार लॉजमध्ये, म्हणजे पायथ्याच्या उपाहारगृहात, खिडकीकडे पाठ करून बसला.

"नुसतं एकदा वर जाऊन ये. फोटोसाठी."

"आई."

"बरं."

मी पार्किंगला तीन फेऱ्या मारल्या, पुढच्या हॉटेलला फोन करून चेक-इन लवकर करून घेतलं, गाडीच्या काचा पुसल्या. मग वाटलं, हा डोंगर फार सोपा आहे, त्याला आव्हान हवं असेल.

सोमवारी रेव्हलस्टोकला निघालो. तिथला डोंगर उंच आणि उभा आहे. नवशिक्यांना घेऊन जाणार असाल तर दोनदा विचार करा. वाटेत हिमकडे पाडण्याच्या कामासाठी रस्ता तासभर बंद होता. सगळे इंजिन बंद करून शांत बसले होते. मी गाडीतून उतरून पुढच्या ट्रकपर्यंत जाऊन आले. दोनदा.

"हॉलिडे नाहीये ही," निहार रेवाला म्हणाला. "आई डिलिव्हरी करतेय आपली. रोज नवीन ॲड्रेस."

"सही कोण करणार?" रेवाने विचारलं. दोघं हसली. मीही थोडं हसले, पण मला लागलं.

वर पोचलो तर धुकं. निहार पुन्हा लॉजमध्ये बसला, यावेळी खिडकीकडे तोंड करून. मी त्यातही काहीतरी शोधलं. मंगळवारी दुपारी बॅगा पुन्हा गाडीत.

व्हर्ननचा डोंगर माझ्या यादीत होता, पण एकाच रात्रीपुरता. दोन वर्षांपूर्वी अमोल आणि निहार दोघंच इथे चार दिवस राहून गेले होते. जास्त थांबायची माझी छाती नव्हती. गावापासून अर्धा तास वर चढलं की रंगीत लाकडी घरांची वस्ती लागते. आम्हाला स्वयंपाकघर असलेली छोटी जागा मिळाली होती. शाकाहारी असाल तर अशीच घ्या आणि तांदूळ, डाळ, मसाल्याचा डबा घरून न्या. आम्ही नाक्यावर सगळं सांगितलं, कुणी अडवलं नाही.

बॅगा उघडतोय तोच नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे बुधवारची सकाळ होती.

"मेधा, लक्षात आहे न?"

"काय, आई?"

"आज षष्ठी. माघ वद्य षष्ठी. अमोलचं वर्ष."

"पण ते एक तारखेला..."

"तारखेनं नाही गं बाई, तिथीनं. तिथी मागं नाही का सरकत?" त्यांनी चष्मा काढला. "तू आहेस कुठे? हे घर कोणाचं?"

मी सांगितलं. मला वाटलं, त्या बोलतील. घरात मी पंचांग ठेवते. चतुर्थी विसरत नाही. आणि ही ट्रिप मी त्या दिवसाच्या आधी आटपायची म्हणून आखली होती, ती बरोबर त्याच दिवसावर.

"असू दे," त्या म्हणाल्या. "इथलं सगळं धाकटा करून राहिला. गुरुजी येतीलच आता. तू तिथं बुधवार उजाडला की स्वयंपाक कर. अमोलला आवडायचं ते ताटात वाढ, बस. आणि एक ऐकशील? उद्या गाडी काढू नको. एक दिवस एका जागी बस."

मी हो म्हटलं. कलोनाला फोन करून बुकिंग कॅन्सल केलं आणि ही जागा वाढवून घेतली. मग कागद घेऊन बसले: वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी, थोडा शिरा. मुलांना वाचून दाखवलं.

निहार म्हणाला, "बटाट्याची भाजी कशाला?"

"बाबाला आवडायची. दर शनिवारी न्यायचा."

रेवा एकदम ओरडली, "निहार, डोन्ट! वी प्रॉमिस्ड!"

"काय प्रॉमिस?"

निहार जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा ते रोल खायचा नाही. लिफ्टवाल्याला द्यायचा. पहिल्या लिफ्टवर एक आजोबा असतात ना, त्यांना. आणि आम्ही फ्राइज खायचो."

"किती वर्षं?"

"नेहमीच."

"घरी आवडायची गं त्याला भाजी," रेवा घाईने म्हणाली. "पण डोंगरावर नाही. तो म्हणायचा, डोंगरावर डोंगरावरचं खायचं. आईला सांगू नका, ती चार वाजता उठते."

पहाटे चारला उठून केलेले रोल, इतक्या हिवाळ्यांचे. मला आधी राग आला आणि मग हसू आलं. न ठरवता आलं.

"मग इथे काय खायचा?"

"वर एक हट आहे," निहार म्हणाला. "तिथे पुटीन मिळतं. फ्राइजवर ग्रेव्ही आणि चीज. रोज दोन प्लेट. एक दिवस तीन."

"मग तेच वाढू या. मी घेऊन येते सकाळी."

"कशी? स्कीशिवाय नाही जाता येत तिथे."

"गाडीरस्ता असेल ना मागून?"

"आई, डोंगराचं टोक आहे ते."

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर बटाट्याची भाजी खोडत बसले. काही बोलले असते तर बिघडलं असतं.

"मी आणतो," निहार म्हणाला, आणि आत जाऊन झोपला.

सकाळी डिकीतून बूट काढले तर पाय आत जाईना. वर्षात दोन साइझ वाढला होता. ते बूट मी तीन डोंगर उगाच वाहिले. शेवटी भाड्याने घेतले. मुलं वाढत्या वयाची असतील तर भाड्यानेच घ्या आणि दुकान उघडताच जा, नंतर रांग लागते.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "लेव्हल?"

"आधी चांगली होती," निहार म्हणाला.

दहाच्या सुमारास दोघं लिफ्टच्या चौघांच्या खुर्चीवर बसून वर गेली. दोन जागा रिकाम्या होत्या. मी परत येऊन कुकर नसल्यामुळे पातेल्यात डाळ शिजवली, शिरा केला. मग करायला काही उरलं नाही. जॅकेट घातलं, दारापर्यंत गेले, परत आले. कॅमेरे बघायला फोन उचलला, खाली ठेवला. शेवटी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि सासूबाईंनी सांगितलं म्हणून बसले. उतारावरून येणारी माणसं तिथून मुंग्यांएवढी दिसतात. निहारचं जॅकेट काळं आहे. काळी जॅकेटं फार असतात.

किती वेळ बसले ते मी बघितलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी अमोल ऑफिसला निघताना मी बाय म्हटलं होतं की नाही, हे मला वर्षभर आठवत नाही. त्या खुर्चीतही आठवलं नाही. पण तोवर उठावंसंही वाटलं नाही.

बाराला दोघं आली. निहारने जॅकेटची चेन उघडली आणि आतून चपटा झालेला पुठ्ठ्याचा डबा काढला. ग्रेव्ही त्याच्या शर्टभर पसरली होती.

"पडलास?"

"तीनदा," रेवा म्हणाली. "एकदा तर झाडात! पण डबा धरून ठेवला."

"शट अप," निहार म्हणाला, पण त्याचे गाल लाल होते.

ताटात वरण-भात, शिरा, पोळी आणि मधोमध गार पुटीन. शेजारी फोनवर अमोलचा फोटो. तिघांनी नमस्कार केला. फोटो काढून नागपूरला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी लगेच विचारणा आली, "मधे काय आहे?"

"बटाटा," मी लिहिलं.

"आवडायचा त्याला. लहानपणापासून," त्यांनी उत्तर दिलं.

कावळ्यासाठी एक घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला. तिथे खाणं ठेवू नये अशी पाटी आहे हे रेवाने वाचून दाखवलं. आम्ही दहा मिनिटं लक्ष ठेवून उभे राहिलो. कावळा आला नाही. थंडीने घास दगड झाला, मग तो उचलून आत आणला.

जेवण झाल्यावर निहारने घड्याळ बघितलं. "लिफ्ट बंद व्हायला दोन तास आहेत अजून." आणि कुणी सांगायच्या आत ओले बूट परत चढवले.

पेंटिक्टनही कॅन्सल केलं. शनिवारच्या रात्रीपर्यंत व्हर्ननलाच राहिलो. त्यामुळे पाच रिसॉर्टची तुलना वाचायला कुणी आलं असेल तर माफ करा, मला तीनच माहीत आहेत. लहान मुलं असतील तर व्हर्नन किंवा कॅमलूप्स निवडा. आणि माझा सल्ला विचाराल तर एकच निवडा. रोज बूट सुकवणं आणि रोज बॅगा भरणं दोन्ही होत नाही. रविवारी ओसोयूसच्या नाक्यावरून, वेनॅची मार्गे परत आलो. तो रस्ता लांब पण मोकळा आहे.

एक तारीख नंतर आली. इतर दिवसांसारखीच गेली. मी त्या दिवशी एक कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. बसवत नाही ते अजूनही बसवत नाही, पण खिडकीपाशी एक खुर्ची आणून ठेवली आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी निहार स्वयंपाकघरात आला. पासवर जाणाऱ्या मित्राच्या गाडीत जागा आहे म्हणाला.

"रोल देऊ?"

"दे. चार."

"चार कशाला? तू फ्राइज खाणार ना?"

"मी फ्राइज खाणार. ते आजोबांना." तो फ्रीज उघडून उभा राहिला. "वर्षभर कुणी दिले नसतील त्यांना. विचारतील मला."

मी कणीक काढली. चार वाजताचा गजर लावला. "चटणी कमी घालू का? त्यांना झेपत असेल का एवढं?"

"नको, भरपूर घाल," निहार म्हणाला. "त्यांना तिखट आवडतं. बाबा सांगायचा."