खोकल्यात सापडलेला आवाज

"खाँसो अम्मा. जोर से," डॉक्टर म्हणाले. मी खोकले. चांगला खणखणीत खोकला आला. डॉक्टर हसले. "आवाज तो इधरिच है. कहीं नहीं गई."

तीन आठवडे माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओठ हलायचे, नुसती हवा बाहेर पडायची. कॅन्सरच असणार, अशी माझी खात्री झाली होती. माझे वडील घशाच्या कॅन्सरनेच गेले होते.

कोठी भागातल्या त्या घशाच्या डॉक्टरांनी माझी जीभ कापडात धरून ओढली, लहानसा आरसा आत घातला आणि निवांत पाहिलं. मग कागदावर लिहिलं, 'फंक्शनल ॲफोनिया'. म्हणजे घशात गाठ नाही, सूज नाही. पण बोलायला गेलं की स्वरयंत्राच्या पट्ट्या जुळत नाहीत, खोकताना जुळतात.

"ये ढोंग नहीं है," ते माझ्या यजमानांना मुद्दाम म्हणाले. मग मला विचारलं, "उसके पहले क्या हुआ था?"

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'कुछ नहीं.'

पण झालं होतं. मी मराठी शाळेत शिकवायचे. त्या वर्षांत दिलसुखनगरपासून आमच्या चिक्कडपल्लीपर्यंत इंग्रजी शाळांच्या आणि कंप्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. आमची मुलं तिकडे चालली होती. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "जूनपासून मराठीचे वर्ग बंद, सगळं इंग्रजीत. पालकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात." संतापाने माझे कान तापले. मी म्हटलं, "बरं." दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला तोंड उघडलं, तर आवाज नाही.

पुढचं सगळं मी भीतीपोटी ठरवत गेले. डॉक्टरकडे जायचं नाही, कारण कॅन्सरचं नाव ऐकायचं नव्हतं. नोकरी सोडायची. राजीनामा लिहून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो शाळेत पोचवलाच नाही. "आधी घसा दाखव. मग काय करायचं ते कर," म्हणाले आणि मला घेऊन गेले.

उपचार त्याच खुर्चीत सुरू झाला. खोकला लांबवून त्याचा 'अ' करायचा. गुळण्या करताना सूर काढायचा. ओठ मिटून 'म' म्हणायचं. चौथ्या दिवशी सकाळी 'म'च्या पुढे शब्द आले. "मला चहा हवाय." हे चहा करायला उठले. दूध उतू गेलं, तरी माझ्याकडे पाठ करून डोळेच पुसत राहिले.

तुमचा आवाज असा गेला, तर आधी घसा दाखवा. प्रत्येकाचा निकाल माझ्यासारखा लागेलच असं नाही, पण घरी भीत बसून कुणी बरं होत नाही. आणि मन भेदरलेलं असताना कशावरही सही करू नका.

मी शाळेत गेले. "बाई, पालकांना मी एकटी सांगणार नाही," घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे धीर होता? म्हणून तर तुमच्यावर ढकललं."

पालकांसमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो. एका मुलीचे वडील भडकले. "पोरगी इंग्लिशमध्ये परेशान झाली तर जिम्मेदार कोण?" मला रडू आलं. पण त्या दिवशी मी रडत रडत बोलत राहिले, आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.