एका चुलीवरची माणसं

घाटोळेबाई कधीच कोणाचं नाव घेऊन दार वाजवत नसत. ज्या घरी खरं काम असे, त्याच्या अलीकडची आणि पलीकडची घरंही त्या करत, म्हणजे नेमक्या कोणासाठी आल्या ते गल्लीला कळू नये. दारात उभं राहून पहिला प्रश्न ठरलेला. "एका चुलीवर कोण कोण जेवता, भाऊ?" मग प्रत्येकाचं नाव, वय, तंबाखू कोण खातं, बिडी कोण ओढतं, जेवण कोणाचं बरोबर जातं. हातात काळी पुरुषी छत्री, तिच्या मोडक्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली. चहा त्या कोणाच्याही घरचा घेत नसत. पाणी मात्र मागून घेत आणि प्यायल्यावर पेला उपडा ठेवत.

त्यांचं काम असं होतं: नागपुरातल्या कोणत्याही दवाखान्यात कोणाला कॅन्सर निघाला की त्याची नोंद करायची, आणि तो माणूस खरोखर ह्या शहरात राहतो का, ते घरी जाऊन पाहायचं. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक भरती होताना नागपूरच्या नातेवाइकाचा पत्ता देत. शहरातला पत्ता दिला की खाट लवकर मिळते, असा सगळ्यांचा समज होता. बाईंना तो समज खोडून काढावा लागे, एकेका दारी जाऊन. हे सगळं मला फार नंतर कळलं. पहिल्या भेटीत मला त्या रेशन ऑफिसच्या वाटल्या, आणि पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी इतवारीत बारदान्याचा धंदा करत होतो. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून काढायची आणि धान्यवाल्यांना विकायची. सुरुवात हमालीपासून केली होती. मला कोणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घेण्याची सवयही नव्हती. नंदनवनातलं घर स्वतःच्या कमाईनं बांधलं होतं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी घराच्या ओट्यावर बसून मी एका पोतीवाल्याशी दरावरून घासाघीस करत होतो, आणि ही बाई फाटकात उभी.

"एका चुलीवर कोण कोण जेवता, भाऊ?"

"कोणाकडून आल्या तुम्ही?"

"दवाखान्याकडून. तब्येतीची पाहणी करून राहिलो आम्ही."

रेशनवाले काय, रेशन ऑफिसातून आलो म्हणून सांगतील थोडेच, असं मी मनात म्हटलं. आमच्या कार्डावर माझ्या कुटुंबाशिवाय मोठा भाऊ गणपत, त्याची बायको आणि मुलगी अशी नावं होती. कार्ड काढलं तेव्हा आमचं पटत होतं. पुढे पटेनासं झालं, पण नावं तशीच राहिली, कारण साखर आणि रॉकेल त्यांच्या वाट्याचंही येत होतं. सगळी गल्लीच अशी जेवत होती, मी एकटा नव्हतो. मी कार्डाप्रमाणे सगळी नावं म्हणून दाखवली. माझी बायको शांता आतून दाराशी आली होती. गणपतचं नाव ऐकून ती माझ्याकडे पाहतच राहिली.

बाईंची पेन्सिल थांबली. "गणपतराव. कुठं आहेत आता?"

"बाजारात गेला. येतेच आता."

"जेवण बरोबर जाते त्याइचं?"

"त्याचं? दोन भाकरी अन् वरून ठेचा. माझ्यापेक्षा जास्त खाते."

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. समोरचा किती खाली येणार हे चेहऱ्यावरून ओळखण्यावर माझं पोट चालत होतं, पण हा चेहरा मला वाचता आला नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि शांताकडे वळल्या. "पाणी दे वं बाई थोडं." पाणी प्यायल्या, पेला उपडा ठेवला आणि शेजारच्या घरी गेल्या. मी पोतीवाल्याला डोळा मारला. साखर वाचली होती.

गणपतचं आणि माझं बोलणं बंद होऊन तोवर कैक वर्षं झाली होती. गाव आमचं उमरेडकडचं. वडिलांच्या तेरवीलाच विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद झाला. बरोबर कोण होतं ते मी इथे सांगत बसत नाही, पण मी चूक नव्हतो. चार माणसांसमोर तो मला म्हणाला, "तुह्या घरचं पाणी बी नाही पेणार." मी म्हटलं, "नको पेऊ." झालं. नंदनवनातलं घर मी त्यानंतरच बांधलं, आणि त्यात गणपतचा पाय कधी लागला नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला की गणपत गेला. रक्ताचा होता, गेलो. अंगणात त्याला ठेवलं होतं. एका गालावर कापड बांधलं होतं आणि चेहरा इतका बसला होता की क्षणभर मला वाटलं, मी दुसऱ्याच कोणाच्या घरी आलो.

"काय झालं होतं?" मी वहिनीला विचारलं.

"तोंडाचा कॅन्सर. नागपूरलेच होतो नं भाऊजी आम्ही, उन्हाळाभर."

"नागपूरले? कुठं?"

"मोठ्या दवाखान्यात. तुमच्याच घरचा पत्ता देला होता ह्याइनं." वहिनी पदर तोंडाला लावून बोलत होती. "एक बाई येत जाय इचाराले. छत्रीच्या दांड्याले सुतळी बांधली होती तिच्या. लय मायेनं बोले."

मी भावाला खांदा दिला. त्या दिवशी ओट्यावरून मी ज्याला दोन भाकरी आणि ठेचा खाऊ घालत होतो, तो माझ्या घरापासून सायकलीनं जाता येईल इतक्या अंतरावर नळीनं दूध पीत होता. आणि ते त्या बाईला माहीत होतं. माझं ऐकताना माहीत होतं, पाणी पिताना माहीत होतं.

चौदावं आटोपलं आणि मी थेट दवाखान्यात गेलो. जिन्याखालच्या एका खोलीत बाई बसल्या होत्या. छत्री कोपऱ्यात.

"माझा भाऊ वॉर्डात पडून होता," मी म्हटलं, "अन् तुम्ही माझ्या घरी चहा पिऊन राहिल्या होत्या."

"चहा नाही, पाणी घेतलं होतं. बसा, किसनभाऊ."

"बसाले नाही आलो. गणपत इथं होता हे तुमाले माहीत होतं का नव्हतं?"

"तुम्ही तं म्हणे बाजारात गेला."

टेबल उलथून टाकावं असं वाटलं. "मेला तो," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "लय वाईट झालं," म्हणाल्या. "पण तो इथं होता का नव्हता, हे मी आताही सांगणार नाही. मेलेल्या माणसाचं नावही माझ्याकडून बाहेर जात नाही. एकाचं गेलं की उद्या मले कोणी खरं सांगणार नाही. मंग ह्या शहरात कोण कशानं मरून राहिलं, हे कोणालेच समजणार नाही कधी."

"माझ्या सख्ख्या भावाचं होतं ते."

"तुमचं नव्हतं ते. त्याचं होतं."

मी वरच्या मोठ्या डॉक्टरकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "मी मागितलं तरी बाई मला आकडा देतात, नाव देत नाहीत." असं म्हणताना त्यांना अभिमान वाटत होता, याचा मला आणखी राग आला.

पण मी सोडणारा नव्हतो. गणपत शेवटी माझ्याबद्दल काय बोलला, ते मला हवं होतं. वहिनीला माहीत नव्हतं. बाई विचारायला आल्या की तो तिला बाहेर पाठवायचा. म्हणजे ते फक्त बाईंकडे होतं, आणि ज्याच्याकडे माल आहे त्याच्याशी सौदा होतोच, एवढं धंद्यानं शिकवलं होतं. संधीही आली. एक दिवस बाई इतवारीत हमालांना प्रश्न विचारत फिरताना दिसल्या. कोणी दाद देत नव्हतं. एकजण म्हणत होता, "आमाले काही बिमारी नाही, मावशी. आमाले काहून इचारून राहिली?"

"म्हणूनच तुले विचारून राहिली गा," बाई म्हणाल्या. "खड्ड्यात जो पडला त्याले विचारलं तं खड्डा समजते. पण जो नाही पडला तो कोणत्या बाजूनं गेला, हे बी पाह्यजे नं."

मी पुढे झालो. "अख्ख्या बाजारातले हमाल तुमच्यासमोर बसवतो. माझ्या भावाचं काय ते सांगा."

"हमाल बसवा. भावाचं नाही सांगणार."

"मंग माझा फायदा काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असती तं नसता केला हा सौदा."

तरी मी हमाल बसवले. इसार म्हणून बसवले, दान म्हणून नाही. माल आज ना उद्या सुटेल, असा माझा हिशेब होता. बाई माझ्या गादीवर येऊन बसत आणि एकेकाला विचारत. तोंड उघडायला लावून बॅटरीनं पाहत. दोघाजणांना त्यांनी तिथूनच दवाखान्यात नेलं आणि त्यांतला एक वाचला. तो आजही मला रामराम करतो, बाईंना कधी केला नाही. वर्तमानपत्रात 'नागपुरात कॅन्सरचं थैमान' असं छापून आलं तेव्हा मी ते मुद्दाम त्यांच्यापुढे टाकलं. वाचून म्हणाल्या, "भाजीत मीठ किती टाकलं ते सांगितलं ह्यानं. भाजी किती होती ते कोण सांगणार? खेड्यातले बिमार लोकं नागपूरच्या नावावर लिवले तं नागपूर खारट होते अन् खेडं अळणी. दोन्ही खोटं." मी म्हटलं, "तुमाले लोकांपेक्षा आकडे प्यारे." त्यावर त्या हसल्या. "आकड्यात लोकंच असतात, भाऊ. फक्त ओळखू येत नाहीत."

गणपतबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी दर सहा महिन्यांनी विषय काढायचो, कधी गोडीत, कधी आवाज चढवून. एकदा म्हटलं, "तुमाले भाऊ नाही, म्हणून समजत नाही." हे लागलं असावं. त्या उठून गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा नेहमीसारख्याच होत्या.

मग त्या निवृत्त झाल्या. अमरावतीला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. जायच्या आधी एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या, अलीकडचं-पलीकडचं एकही घर न करता. शांताला म्हणाल्या, "आज चहा घेईन मी." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

"काल तुमच्या गावाले जाऊन आली," बाई मला म्हणाल्या. "तुमच्या वहिनीले विचारलं, किसनभाऊले सांगू का? तिनं म्हटलं, सांगा. तिची परवानगी आहे म्हणून सांगून राहिली, तुम्ही हमाल बसवले म्हणून नाही."

मी मान हलवली.

"पत्ता खरा का खोटा, हे मी पेशंटले सरळ विचारत नव्हती," बाई सांगू लागल्या. "घर कसं आहे ते विचारत जाय. गणपतरावले बोलताना त्रास होय, पण सगळं सांगितलं. दार निळं. फाटकाची कडी तुटली, तारेनं बांधली आहे. ओट्यावर पोत्यांची थप्पी. मले वाटलं, पत्ता खरा आहे. मंग विचारलं, चूल कोणत्या बाजूले? तं चूप. लय वेळानं म्हणते, 'तेवढं आत नाही गेलो.'"

शांतानं चहाचा कप बाईंसमोर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"म्हटलं, मंग हा पत्ता काहून दिला? तं म्हणे, 'भावाचं घर आहे. त्याले सांगू नका.' दोन दिवसांनी मी इथं आली. दार निळं, कडीले तार, पोत्यांची थप्पी. अन् तुम्ही सांगितलं, गणपत इथंच जेवते, बाजारात गेला, येतेच आता." बाईंनी चहाचा घोट घेतला. "दोन्हीकडचं बोलणं जुळलं की पत्ता खरा, असा नियम होता आमचा. तुमचं दोघांचं जुळलं होतं, भाऊ."

"मंग लिवलं त्याले इथलं?"

"नाही. खोटं होतं नं ते. काटलं मी." त्यांनी कप खाली ठेवला. "पण काटताना हात जड झाला, असं तेवढं एकदाच झालं."

चहा संपवून बाई गेल्या. सुतळीवाली छत्री घेऊन फाटकातून बाहेर पडताना त्यांनी कडीची तार नीट अडकवली. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. अमरावतीलाच वारल्याचं नंतर कळलं. त्यांनी मला वेळेवर सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं, आणि हे कोणी मला समजावून सांगायला येऊ नये.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून राहिलो. शांता म्हणाली, "काय पाहून राहिले?" मी दाराकडे पाहत होतो. घर बांधलं तेव्हापासून कितीतरी वर्षं ते दार हिरवं होतं. निळा रंग आम्ही गणपत दवाखान्यात होता त्या उन्हाळ्याच्या आदल्या दिवाळीत दिला होता.