नाव हाय, कार्ड नाही

त्या दिवशी कचेरीत आमी चौघं होतो. मी, माही धाकटी जाऊ, कम्प्युटरवाला, अन् खुर्चीतला साहेब. मांगून कोनी म्हनू नये का म्हातारीनं बनवून सांगतलं.

माहे मालक वारले अन् घरचं सामाईक राशन कार्ड रद्द झालं. आमी दोघी जावांनी येगयेगळे कार्डं मांगले, त्याच्याचसाठी बसेल होतो. कम्प्युटरवाला गावचे नावं मशीनीत भरून राह्यला होता. ज्या नावाचं कार्ड सापडे नाही, ते नाव मशीन घे नाही.

साहेब खेकसला, "काऊन थांबला बे?"

"नावं आधी आले, साहेब. कार्डं मंग येतीन. जुळत नाही."

"मंग तपासनी बंद कर. भर सगळे. मंग चालू करजो."

त्यानं बंद केली. नावं सरसर गेले. मंग चालू केली अन् दोघं चहा पेले. आमाले पानीबी इचारलं नाही.

नवे कार्डं आले. जावेचं जुळलं. मी दुकानात अंगठा ठेवला, त नाव दिसलं, धान्य नाही. माहं नाव त्या रद्द कार्डालेच बांधेल राह्यलं होतं. पेरनीपासून दिवाळीलोक रोहिणखेडच्या बहिणीनं धाडेल जवारीवर दिवस काढले. एक येळ खाल्लं. रडली नाही.

जावेले घेऊन पुन्हा कचेरीत गेली. "माहं नाव नव्यानं घाल."

कम्प्युटरवाला म्हने, "आजी, नाव हायेच. मशीन दुसऱ्यांदा घेत नाही."

"मंग धान्य दे."

"नावाले कार्ड नाही ना पन."

"तपासनी तं चालू केली होती ना तुनं?"

"ते चालू केल्यावर पुढचेच नावं पाहते. आधी भरेल नाही पाहत."

"अन् तू? तुले डोये नाही?"

साहेब म्हने, "म्हातारे, ओरडू नको. अर्ज दे."

जाऊ म्हने, "साहेब, दिवाळीलोक तुमचं जेवन बंद करा, मंग चालू करा. मांगची भूक भरते का पाहा."

कम्प्युटरवाल्यानं माहं नाव नव्या कार्डाले जोडलं. मी उठली नाही. "असे लटकेल अजून किती हायेत, ते पाह्य."

त्यानं पाह्यलं. पडदाभर नावं निंघाले. मशीनीचं तोंड साहेबाकडं फिरवलं. साहेबानं पंखा लावाले सांगतला.

वाचनाऱ्या, तू असं काम करत असशीन त तपासनी बंद असतानी गेलेले नावं एकेक करून पाहून घे. मंगच घरी जेवाले जाय.