मामाजींचा लाल पंप

नर्मदेच्या दोन्ही काठांवर मिळून पाण्याचा एवढा संशय घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे मामा, म्हणून माझेही मामाजीच. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात; हे गावोगावचं पाणी तपासायला निघाले. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे मामाजींची पाणी तपासायच्या औषधाची बाटली असायची. जबलपूरच्या विजय नगरात एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या ग्लासात थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं आणि मामाजी आनंदाने ओरडले, "पिवळं झालं! म्हणजे क्लोरीन टाकलं आहे. चलो, प्या बिनधास्त!" त्यानंतर पंगतीत एकानेही पाण्याला हात लावला नाही. नवरीचे वडील जिलबीचा आग्रह करत आले ते मामाजींना वगळून पुढे गेले.

मग त्यांनी संस्था काढली. संस्था म्हणजे मामाजी, मामीजी, कांचघर मोहल्ल्यातले एक निवृत्त फिटर आणि मी. मी सभासद कसा झालो ते अजून कळलेलं नाही. एका रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो तो खांद्यावर पाइप घेऊनच बाहेर पडलो. खेड्यातली जुनी विहीर उपसायची, वर झाकण घालायचं, त्यावर हातपंप बसवायचा, हे आमचं काम. पाइप सिहोऱ्याच्या बसने जायचे. कंडक्टर म्हणायचा टपावर टाका, आणि मामाजी ते मांडीवर आडवे घेऊन सांगायचे, "भैया, यह सामान नहीं, मरीज की दवाई है." अर्धी बस मान तिरकी करून सिहोरा गाठायची. घरी मामीजी कुरकुरायच्या, "माझ्या माठातलंही पाणी तपासून राहिले हे. इतकी वर्षं मी काय विष पाजून राहिली होती?" मामाजी शांतपणे म्हणायचे, "तसं नाही वं. पण पाहून घ्यायला काय जाते?"

सिहोऱ्याच्या पुढच्या एका गावात मात्र त्यांचं हसू मावळलं. तिथल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड भरपूर निघालं. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग होते, काहींचे पाय गुडघ्यात वाकू लागले होते. आम्ही जिवाचं रान करून जवळची जुनी विहीर साफ केली. तिचं पाणी उत्तम निघालं. तिच्यावर पंप बसवून तो निळा रंगवला, आणि बोअरचा पंप मामाजींनी स्वतःच्या हाताने लालभडक केला. लाल म्हणजे धोका, हे रेल्वेच्या फाटकापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

पुढच्या खेपेला पाहतो तर निळ्या पंपावर चिटपाखरू नाही. लाल पंपाला झेंडूची माळ, पायाशी नारळ, उदबत्त्या, आणि समोर हंड्यांची ही रांग! मामाजी मटकन खाली बसले. "अरे, काहून पिऊन राहिले हे?" ते मराठीतच ओरडले. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बाबूजी, लाल तो देवी मैया का रंग है. आपने खुद अपने हाथ से चढ़ाया!"

मामाजींनी भाषण दिलं. हाडं, दात, विष, सगळं समजावलं. बायकांनी माना डोलावल्या आणि हंडे भरले. फिटर म्हणाले, "मी दांडाच काढून नेतो." मामाजी म्हणाले, "मैयाचा हात तोडला म्हणतील. मग आपला निळा पंप कोण शिवते?" तेवढ्यात एक चिमुरडी पुढे झाली आणि लाल पंपाखाली ओंजळ धरून उभी राहिली.

मामाजी उठले. घरच्या आरतीलाही जे कधी उभे राहिले नाहीत, त्यांनी चपला काढल्या, पंपासमोर हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "यह पंप अब मैया का है. इसका पानी मैया को ही चढ़ेगा. हमारे पीने का पानी उधर है, नीले में." मग म्हातारीनेच त्या पोरीचा हात धरला आणि तिला निळ्या पंपाकडे नेलं. मागोमाग हंडे निघाले.

परतताना बसमध्ये मामाजी म्हणाले, "खोटं बोललो नं मी, जावईबापू?"

"बोललात."

"आयुष्यभर खरं सांगून राहिलो. कोणी ऐकलं नाही," असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहत बसले.

आता मुलाने त्यांना पुण्याला नेलं आहे. तिथे सोसायटीच्या टाकीवर चढू देऊ नका म्हणून वॉचमनला ताकीद आहे म्हणे. त्यांच्यावाचून मला जबलपूर बेचव लागतं. परवा त्या गावी गेलो होतो. लाल पंपापुढे दिवा होता, निळ्यावर गर्दी होती. मधल्या वर्षांत जन्मलेली पोरं माझ्याभोवती जमली आणि माझी टोपी पाहून हसू लागली. मी तिथूनच फोन लावला. "मामाजी, पांढरेशुभ्र दात आहेत. सगळ्यांचे."

पलीकडून नाक ओढल्यासारखं काही ऐकू आलं.

"अच्छा," मामाजी म्हणाले. "नीट पाहिले नं तुम्ही?"

मी फोन पोरांच्या तोंडाशी धरला आणि त्यांना पुन्हा एकदा हसवलं.